पाण्याची पाळी आणि शाळेचा कॉम्प्युटर

शाळेत कॉम्प्युटर व इंटरनेट असावे की नसावे, हा वाद आता जवळजवळ मिटला आहे. ती आली आहेत आणि परत जाणार नाहीत. परंतु वाद मिटला म्हणजे त्यातील नैतिक प्रश्न सुटला, असे मात्र होत नाही. पुष्कळदा लोकांना एखाद्या गोष्टीची सवय होते, आणि सवयीच्या पोटात प्रश्न तसाच पडून राहतो. आज आम्ही वाचकांपुढे असाच एक पडून राहिलेला प्रश्न ठेवीत आहोत. ज्या साधनावाचून धडा शिकता येत नाही, ते साधन विद्यार्थ्याने आपल्या घरून आणावे, असे म्हणण्याचा अधिकार शाळेला आहे काय?

प्रश्न दिसतो साधा. पाटी-पेन्सिल, वह्या, कंपासपेटी या गोष्टी मुले घरूनच आणतात, मग कॉम्प्युटर का नको, असे कोणीही विचारील. पण थोडे खोलात शिरले की हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, हे ध्यानात येते. आम्ही तो ओमान देशाच्या संदर्भात मांडणार आहोत. एक तर मस्कतमधील एका भारतीय शाळेत काही वर्षे शिकविण्याचा योग आम्हांस आला. दुसरे असे की, शिकण्याचे साधन कोणी पुरवावे, या प्रश्नाला त्या देशात पन्नास वर्षांत तीन वेगवेगळी उत्तरे मिळालेली आहेत. ती एकापुढे एक ठेवली की विचाराला दिशा सापडते.

पहिले उत्तर १९७० सालचे. त्या वर्षीच्या २३ जुलैला सुलतान काबूस गादीवर आले, तेव्हा साऱ्या ओमानमध्ये अवघ्या तीन शाळा होत्या. त्यांत सुमारे ९०० मुले शिकत होती आणि मुलगी एकही नव्हती. नव्या राजवटीपुढे दोन मार्ग होते. आधी इमारती बांधाव्या, बाके आणावी, आणि मग मुलांना बोलवावे, हा एक. आधी मुलांना बोलवावे आणि बाकीचे मागाहून पाहावे, हा दुसरा. सुलतानांनी दुसरा मार्ग धरला. प्रसंगी झाडाच्या सावलीत बसवू, पण मुलांना शिकवू, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार ओमानमध्ये आजही जो तो सांगतो. खरोखरच त्या आरंभीच्या काळात कित्येक वर्ग तंबूंत आणि झाडांखाली भरले. त्या देशात घाफ नावाचे झाड आहे. आपण ज्याला शमी म्हणतो तेच ते. उन्हाळ्यात जेथे पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेथे सावली ही काही कवीची कल्पना नसते. ती गरज असते.

त्या झाडाखालच्या वर्गात बाक नव्हते, प्रयोगशाळा नव्हती, पुस्तकेही पुरेशी नव्हती. पण एक गोष्ट होती. सावली सर्वांची होती. शेखाच्या मुलाला दाट आणि उंटवाल्याच्या मुलाला विरळ, अशी वाटणी झाडाला येत नाही.

दुसरे उत्तर १९९८ सालचे. त्या शैक्षणिक वर्षापासून ओमान सरकारने ‘बेसिक एज्युकेशन’ नावाची नवी पद्धत मोजक्या शाळांतून सुरू केली आणि पुढे टप्प्याटप्प्याने ती वाढवीत नेली. पहिलीपासून इंग्रजी आणि पहिल्या इयत्तांपासूनच कॉम्प्युटरची ओळख, हे तिचे विशेष. जुन्या ग्रंथालयाच्या जागी पुस्तके, चित्रफिती व कॉम्प्युटर एकत्र असलेली ‘लर्निंग रिसोर्स सेंटर’ नावाची खोली शाळेत आली. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट येऊन त्या वेळी एखाददुसरे वर्षच झाले होते. म्हणजे बहुतेक मुलांनी कॉम्प्युटर प्रथम पाहिला तो शाळेत, घरी नव्हे. एका यंत्रापुढे दोन-तीन मुले बसत असतील, यंत्र अधूनमधून बिघडतही असेल. पण ते शाळेचे होते. त्याच्यापुढे बसण्याचा हक्क हजेरीपटावरच्या नावाने मिळे, बापाच्या पगाराने नव्हे. झाडाची सावली तेवढी खोलीत आली होती, इतकाच फरक.

तिसरे उत्तर २०२० सालचे, आणि ते ठरवून दिलेले नव्हते. संकटाने ते देववले. त्या वर्षीच्या मार्चच्या मध्यावर करोनामुळे ओमानमधील शाळा बंद झाल्या. साऱ्या जगातच तेव्हा शाळांना कुलपे लागली. युनेस्कोच्या गणनेप्रमाणे त्या काळात दीडशे कोटींच्या आसपास विद्यार्थी वर्गाबाहेर पडले होते. ओमानमध्ये तोपर्यंत इंटरनेटवरून बोलण्याच्या सोयींवर बरेच निर्बंध होते. त्याच महिन्यात स्काईप, झूम यांसारख्या सोयी तेथे खुल्या करण्यात आल्या, आणि वर्ग पडद्यावर भरू लागले. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा उघडल्या, तेव्हाही काही दिवस वर्गात आणि काही दिवस घरी, असा दुहेरी क्रम ठेवावा लागला.

शिक्षकांनी त्या काळात जे कष्ट घेतले त्यांना तोड नाही. ज्यांनी जन्मात कधी कॉम्प्युटरवर चार ओळी लिहिल्या नव्हत्या, अशा पन्नाशीच्या बाई आठ दिवसांत पडद्यावर भूमिती शिकवू लागल्या. त्यांना नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आग लागली असता बादली कोणाची, हे कोणी विचारीत नाही. पण आग विझल्यावर तरी विचारले पाहिजे. कारण त्या दिवसांत एक मोठा फेरफार निमूटपणे घडून गेला. जो कॉम्प्युटर १९९८ साली शाळेच्या खोलीत होता, तो २०२० साली घराच्या खोलीत गेला. शाळेचे साधन घराची ऐपत बनले.

रुवी भागातील एखादे भारतीय घर डोळ्यांपुढे आणावे. दोन खोल्या, नवरा-बायको, दोन मुले. बाप एखाद्या दुकानात भांडारपाल, आणि त्याचा मोबाईल त्याच्याबरोबर कामावर जातो. घरी आईचा एक मोबाईल उरतो. मुलगा दहावीत आणि मुलगी तिसरीत. दोघांचेही वर्ग सकाळी आठ वाजता. आता मोबाईल कोणाच्या हाती द्यावा? आई काय करील हे सांगायला नको. बोर्डाची परीक्षा ज्याची त्याला ती मोबाईल देईल. तिकडे तिसरीच्या बाई हजेरी घेतील, मुलीचे नाव पुकारतील, क्षणभर थांबतील आणि पुढच्या नावाकडे वळतील. पटावर ‘अनुपस्थित’ अशी नोंद होईल. अशी हजेरी आम्ही स्वतः घेतलेली आहे. नाव पुकारल्यावर पलीकडून काहीच आवाज येत नाही, तेव्हा ते मूल आजारी आहे, आळशी आहे की रांगेत आहे, हे पडद्यावरून कळत नाही.

या साध्या प्रसंगात काय घडले ते नीट पाहू. आपल्या दोन मुलांपैकी कोणाचे शिक्षण अधिक महत्त्वाचे, याचा निवाडा त्या आईला करावा लागला. हा निवाडा कोणत्याही आईने करू नये, म्हणून तर समाजाने शाळा काढल्या. शाळेने तो पुन्हा तिच्या ओटीत टाकला. आणि मुलगा व मुलगी यांच्यात निवडण्याची पाळी आली, तर पुष्कळ घरांत मुलीचा वर्ग कसा बुडतो, हे आपल्या वाचकभगिनींना आम्ही सांगायला नको.

कोणी म्हणेल, ओमानमध्ये राहणारे भारतीय काही गरीब नव्हेत. तेथे सोने पिकते, असा आपल्याकडे एक समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. परदेशी नोकराला आपले कुटुंब तेथे आणावयाचे, तर पगाराची किमान मर्यादा असे. ती पूर्वी ६०० रियाल होती. २०१७ साली ती ३०० वर आली आणि २०२३ साली १५० वर. ही मर्यादा उतरली ते उत्तमच झाले. बाप मस्कतला आणि पोरे गावाला, हे दुःख काही घरांचे तरी टळले. पण त्याचा एक अर्थ असा की, पूर्वी ज्या घरांतील मुले तेथील भारतीय शाळांत येऊच शकत नव्हती, ती आता येऊ शकतात. आणि या शाळा सरकारी नव्हेत. इंडियन स्कूल मस्कत १९७५ साली निघाले, आणि आता साऱ्या ओमानमध्ये वीसहून अधिक भारतीय शाळा आहेत. त्या समाजाच्या शाळा आहेत. पालकांच्या फीवर त्या चालतात, आणि त्यांच्या कारभारात पालकच बसतात. तेव्हा मुलांकडे काय मागावे आणि काय मागू नये, हा प्रश्न कोणा दूरच्या मंत्र्याचा नाही. तो आपलाच आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आमचे सारे म्हणणे त्या भेदावर उभे आहे. विषमता घराघरांत पूर्वीपासूनच आहे. एका घरी शब्दकोश असतो, दुसऱ्या घरी नसतो. एकाचा बाप गणित समजावून सांगतो, दुसऱ्याचा रात्री दहाला थकून घरी येतो. ही विषमता शाळेने निर्माण केलेली नाही, आणि ती सर्वस्वी नाहीशी करणे शाळेच्या हातीही नाही. पण शाळेचे दार हे असे दार होते की जेथे ही विषमता चपलांप्रमाणे बाहेर काढून ठेवावी लागे. आत गेल्यावर गणवेश एक, फळा एक, बाई एक. म्हणून विद्यार्थी घरून जे अधिक घेऊन येतो ते निराळे, आणि शाळा विद्यार्थ्याकडून जे आवश्यक म्हणून मागते ते निराळे. पहिल्याला आपण नशीब म्हणू. दुसरे मात्र शाळेचे कृत्य आहे, आणि कृत्याचा जाब द्यावा लागतो. शाळेने जे दिले नाही ते अनिवार्य करू नये, आणि जे अनिवार्य केले ते द्यावे. आमच्या मते न्यायाचा एवढाच नियम येथे पुरेसा आहे.

मग कंपासपेटीचे काय? कंपासपेटीही आपण मागतोच की. होय, मागतो, आणि तीही मागताना गरीब मुलाचा विचार चांगले शिक्षक करतात. कपाटात दोन-चार पेट्या ठेवतात आणि कोणाला कळू न देता देतात. पण कंपासपेटी एकदाच घ्यावी लागते, आणि दोन भावंडांना वेगवेगळ्या तासांना एकच पेटी चालते. कॉम्प्युटर महाग, तो चालू ठेवावयास दरमहा इंटरनेटचे पैसे, चार वर्षांत तो जुना होतो, आणि त्याच्यासाठी घरात एक शांत कोपराही लागतो. रकमेच्या फरकाने कधी कधी गोष्टीची जातच बदलते.

ओमानमध्येच या प्रश्नावर एक फार जुना तोडगा आहे, आणि तो शाळेचा नसून पाण्याचा आहे. त्या कोरड्या देशात डोंगराच्या पोटातील झऱ्याचे पाणी पाटाने गावात आणतात. त्या पाटाला ‘फलज’ म्हणतात आणि त्याचे अनेकवचन ‘अफलाज’. ही व्यवस्था दीड हजार वर्षांहून जुनी असावी. आजही सुमारे ३००० अफलाज चालू आहेत, आणि त्यांपैकी पाच २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. पाटाचे पाणी गावकऱ्यांच्या मालकीचे असते, पण सर्वांची मालकी सारखी नसते. कोणाचा हिस्सा मोठा, कोणाचा लहान. हिस्सा वेळेवर मोजतात. दिवसा सावलीच्या घड्याळाने आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी ठरवीत, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या बागेकडे पाणी वळवीत. सर्व व्यवहारावर वकील नावाचा एक माणूस देखरेख ठेवतो.

यांत ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी. पाणी गावात शिरते त्या पहिल्या जागी कोणाचाच हिस्सा चालत नाही. ती जागा पिण्याच्या पाण्याची. तेथून हिस्सेदाराने भरावे, बिनहिस्सेदाराने भरावे, वाटसरूनेही भरावे. त्यानंतर पाणी मशिदीकडे व स्नानाच्या जागी जाते, आणि मग कोठे खजुरांच्या बागांची पाळी येते. मालकी मान्य, हिस्सा मान्य, कमीजास्त मान्य, पण तहान भागल्यानंतर. ज्यांनी हा क्रम लावला त्यांनी समतेवर ग्रंथ लिहिले नव्हते. पण पिण्याचे पाणी आणि बागेचे पाणी यांतला फरक त्यांना कळला होता.

शाळेतही काही शिक्षण पिण्याच्या पाण्यासारखे असते आणि काही बागेच्या. जो धडा सर्वांना आला पाहिजे, ज्यावर परीक्षा होणार, ज्याच्यावाचून पुढच्या वर्गाचे काही समजणार नाही, ते पिण्याचे पाणी. ते पाटाच्या तोंडाशी, म्हणजे वर्गात, सर्वांना मिळाले पाहिजे. त्यापलीकडे एखाद्या मुलाने घरच्या कॉम्प्युटरवर तारांगण पाहिले, मानवी हृदय कसे चालते ते हलत्या चित्रात पाहिले, तर आम्हांला आनंदच आहे. ती त्याची बाग आहे. ती सुकावी असे कोण म्हणेल?

आपल्या कोकणात तरी पाणवठ्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पण ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांना तेथे पाणी भरता येईना. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, आणि तो हक्क उच्च न्यायालयात कायम होण्यास १९३७ साल उजाडले. त्या अन्यायाची आणि आजच्या गैरसोयीची बरोबरी आम्ही करीत नाही. ते पाप जाणूनबुजून केलेले होते. पण त्यातून एक धडा घेण्यासारखा आहे. ‘खुले आहे’ असे म्हणणे एक, आणि ओंजळीत पाणी येणे दुसरे. इंटरनेट सर्वांना खुले आहे, सारे ज्ञान एका बोटावर आहे, असे आज भाषणांतून ऐकू येते. त्यावर आम्ही एवढेच विचारू की, कोणाच्या बोटावर?

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. सर्वांना मिळेपर्यंत कोणालाच देऊ नये, असे म्हटले तर जगात काहीच सुरू होणार नाही. ओमाननेही इमारतींची वाट पाहिली नाही, हे आम्हीच वर सांगितले. मुसंदमच्या टोकाला कुमझार नावाचे गाव आहे, जेथे रस्ता जात नाही आणि होडीनेच जावे लागते. तेथील मुलीला मस्कतच्या उत्तम शिक्षकाचा धडा तारेवरून ऐकावयास मिळत असेल, तर तो थांबविणे हे पुण्य नव्हे. मस्कतच्या मराठी मुलाला अलिबागची आजी संध्याकाळी पडद्यावर बाराखडी शिकवू शकते, हीही याच यंत्राची कृपा. सबब यंत्राला विरोध करणे हा आमचा हेतू नाही. एक आंधळा आहे म्हणून बाकीच्यांनी डोळे मिटावे, हा न्याय नव्हे.

पण जरा थांबून पाहिले की या आक्षेपाचे उत्तर त्याच्याच पोटात सापडते. झाडाखाली शाळा भरली तेव्हा इमारतीवाचून काम चालविले, मुलांवाचून नव्हे. अपुरे साधन सर्वांनी मिळून वापरले. आज उलटे होऊ पाहते. साधन भरपूर आणि काही मुले वजा. घाई करावी, पण घाईची किंमत सर्वांत लहान खांद्यांवर टाकू नये.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक अवघड आहे. शाळेने यंत्रे पुरवावी म्हटले, तर फी वाढेल. फी वाढली की ती त्याच भांडारपालाला भरावी लागेल. म्हणजे उजव्या हाताने दिले ते डाव्याने काढून घेतले. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये, गरीब विद्यार्थ्यांना यंत्र व इंटरनेट शाळांनी पुरवावे, असा निर्णय दिला होता. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तत्त्व सांगणे सोपे आणि खर्च कोणी सोसावा हे ठरविणे कठीण, हेच यावरून दिसते. या अडचणीवर आमच्यापाशी जादूची कांडी नाही. मात्र एवढे खरे की, जी गोष्ट सर्वांना देणे शाळेला परवडत नाही, ती सर्वांकडून मागणे तर त्याहून परवडणारे नाही. पैसा नसेल तर मागणी कमी करता येते. गृहपाठ वहीत देता येतो. निबंध हाताने लिहून घेता येतो. शाळेच्या कॉम्प्युटरची खोली शाळा सुटल्यावर दोन तास उघडी ठेवता येते. याला फार खर्च लागत नाही. लागते ती कोणीतरी थांबण्याची तयारी.

अशी तयारी आपल्या महाराष्ट्रात दिसलेली आहे. सोलापूरच्या नीलमनगर भागात करोनाच्या काळात शिक्षकांनी गल्लीतील घरांच्या भिंतींवर धडे रंगविले. यंत्रमागावर काम करणाऱ्यांची ती वस्ती, घरोघरी मोबाईल कोठून असणार? मुले अंतर ठेवून भिंतीपुढे उभी राहत आणि वाचीत. भिंतीला वीज लागत नाही, आणि भिंत एका भावाची नि दुसऱ्याची नाही, असेही होत नाही. त्याच जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामाबद्दल. त्या चौकटीवर मोबाईल धरला की कविता ऐकू येते, धडा पाहावयास मिळतो. या कल्पनेतील मर्म असे की, ज्याच्यापाशी मोबाईल नाही त्याच्या हातातही तेच पुस्तक राहते, आणि छापील धडा पूर्णच असतो. पिण्याचे पाणी कागदावर, बागेचे पाणी पडद्यावर. आणि पुरस्काराच्या दहा लक्ष डॉलरांपैकी अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली, हेही येथे सांगावेसे वाटते.

तरीही यंत्र सार्वजनिक केले की काम संपले, असे समजू नये. १९९९ साली दिल्लीत कालकाजी येथे डॉ. सुगत मित्र यांनी झोपडपट्टीकडील भिंतीत भोक पाडून एक कॉम्प्युटर बसविला. शिकविणारा कोणी नाही, फी नाही, ज्याला यावयाचे त्याने यावे. मुले आपसूक पुष्कळ काही शिकली, आणि त्या प्रयोगाचे जगभर कौतुक झाले. परंतु अशा जागा पाहून आलेल्या काहींनी हेही नोंदविले की, यंत्रापुढे बहुधा मुलगेच असत, आणि धाकटी मुले व मुली मागे राहत. जेथे पाळी लावणारा नाही तेथे पाळी दांडग्याची. म्हणूनच फलजच्या काठी वकील असतो. शाळेत ते काम शिक्षकाचे. यंत्र आल्यावर शिक्षकाची गरज संपेल असे काही लोक म्हणतात, त्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. माहिती यंत्र देईल. पण ‘आता तू ऊठ, आता हिची पाळी’ असे यंत्र म्हणणार नाही. त्याला कोण मागे उभे आहे हे दिसतच नाही.

आणि आता तर प्रश्न आणखी पुढे गेला आहे. २०२२ च्या अखेरीपासून असे कॉम्प्युटर आले आहेत की, त्यांना विषय सांगितला की ते निबंध लिहून देतात, गणित सोडवून देतात, न कंटाळता दहा वेळा समजावून सांगतात. त्यांतही साधे फुकट आणि सरस पैसे भरून, अशी प्रतवारी आहेच. म्हणजे उद्या एका मुलाला घरी अहोरात्र जागा असलेला शिक्षक मिळेल आणि दुसऱ्याला मिळणार नाही. शाळेने दोघांना एकच गृहपाठ देऊन एकाच मापाने गुण दिले, तर ते गुण मुलांचे नसतील. ते घरांचे असतील. युनेस्कोने २०२३ च्या शिक्षणविषयक अहवालात हाच सवाल टाकला होता की, हे साधन अखेर कोणाच्या अटींवर वापरावयाचे?

आमच्या मते, शिक्षकाने कॉम्प्युटरवरचे कोणतेही काम देण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावे. हे काम माझ्या वर्गातील सर्वांत अडचणीच्या घरातील मूल आज रात्री करू शकेल काय? करू शकत नसेल, तर शाळेत त्याला वेळ व यंत्र मी देऊ शकेन काय? तेही शक्य नसेल, तर यावर गुण देण्याचा मला अधिकार आहे काय? तिन्ही उत्तरे नकाराची आली तर ते काम चांगले असूनही देऊ नये, निदान सक्तीने तरी देऊ नये. आणि पालकांनी, विशेषतः ज्यांच्या घरी दोन-दोन यंत्रे आहेत त्यांनी, शाळेच्या सभेत उठून दुसऱ्याच्या मुलासाठी हा प्रश्न विचारावा. ज्याच्या घरी यंत्र नाही तो बाप सभेत बहुधा बोलत नाही. एक तर त्याला रजा मिळत नाही, आणि आला तरी त्याला संकोच वाटतो. बोलावे लागेल ते इतरांना.

जुने कॉम्प्युटर कपाटात ठेवण्यापेक्षा शाळेला द्यावे, शाळेने ते दुरुस्त करून आठवड्याच्या बोलीने घरी न्यावयास द्यावे, आणि कोणी नेले याची नोंद शिक्षकाखेरीज कोणाला दिसू नये. ही कामे लहान आहेत आणि करण्याजोगी आहेत. मात्र ती उपकाराच्या भावनेने करू नयेत. फलजच्या तोंडाशी घागर भरणारा वाटसरू कोणाचे आभार मानीत नाही, आणि तो मानीत नाही म्हणून गावाला रागही येत नाही. ते पाणी त्याचेच असते.